थंड मुलखातील शिराझ



वाइनची चव कळणे हे बड्या लोकांचे काम, असा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने या विषयावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु नाक आणि जीभ निसर्गाने सर्वांनाच दिली आहे. चव कोठून येते हे समजले, की विषयाचा निम्मा बाऊ नाहीसा होतो. म्हणून आज एकच द्राक्ष घेऊ : शिराझ.

नावावरून ते इराणातील शिराझ शहरातून आले, अशी दंतकथा पुष्कळ काळ चालली. १९९८ च्या सुमारास आनुवंशिक तपासणी झाली आणि त्याचे आईबाप सापडले. मोंदझ ब्लांश ही आई आणि दुरेझा हा बाप. दोन्ही आग्नेय फ्रान्समधील जाती. तेथे या द्राक्षाला सिरा म्हणतात. १८३२ साली जेम्स बझ्बी याने युरोपातून वेलींच्या काड्या ऑस्ट्रेलियात नेल्या, त्यांत हेही होते.

आता हवेचा परिणाम पाहू. उष्ण मुलखात द्राक्षात साखर भराभर वाढते आणि आंबटपणा लवकर उतरतो. त्या साखरेचीच पुढे दारू होते. म्हणून बरोसा खोऱ्यातील वाइन जड, मुरंब्यासारखी गोडसर वासाची आणि बरीच कडक असते. व्हिक्टोरियातील ग्रॅम्पियन्स किंवा कॅनबेराजवळील मरमबेटमन येथे फळ सावकाश पिकते. आंबटपणा टिकतो, वाइन हलकी व तरतरीत होते, आणि तिला चक्क काळ्या मिरीचा वास येतो.

ही कविकल्पना नव्हे. २००८ साली ऑस्ट्रेलियातील वाइन संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी रोटंडोन हे द्रव्य त्यामागे असल्याचे दाखवले. आपल्या मसाल्याच्या डब्यातील मिरीलाही तेच द्रव्य वास देते. द्राक्षाच्या सालीत ते असते आणि थंड हंगामात अधिक साठते. एका लिटरमध्ये ग्रॅमचे सोळा अब्जांश एवढे असले तरी नाकाला कळते. मात्र त्याच प्रयोगात सुमारे पंचमांश लोकांना ते भरपूर असतानाही मुळीच जाणवले नाही! तेव्हा शेजारचा साहेब मिरी, मिरी म्हणून मान डोलावू लागला, तरी आपण भिडेखातर मान हलवू नये. वास आला नाही, तर आला नाही म्हणावे.

ही वाइन पंधरा-सोळा अंश उष्णतेवर घ्यावी. आपल्या उकाड्यात बाटली थोडा वेळ गार करावी लागते. पेला तिसरा हिस्साच भरावा, हलकेच फिरवावा, आधी वास घ्यावा, मग घोट. सोबत भाजलेले मटण चांगले. झणझणीत रश्श्यापुढे मात्र तिची चव हरवते. नाशिककडेही शिराझ होते, पण तेथे फळ उन्हाळ्याच्या तोंडाशी पिकते. तिला तिच्याच गुणांनी जोखावे.

शेवटी एक सांगावयाचे आहे. र्‍होन नदीकाठी आंप्वी गावाजवळ कोत-रोतीचे मळे इतक्या उभ्या चढावर आहेत, की बहुतेक काम हातानेच करावे लागते. दगडी बांध, वेलीला आधाराचे खुंट, पाठीवरची ओझी, हे सारे त्या पेल्यात आहे. गुत्त्यात बुडालेले पगार आणि त्यापायी उपाशी राहिलेली मुले मी पाहिली आहेत; त्या पिण्याची तरफदारी मी करीत नाही. पण जो घोटाघोटाने चव घेतो, त्याला ती चव निर्माण करणाऱ्या हातांची आठवण राहावी, एवढीच माझी अपेक्षा आहे.