पैसा सरकारचा, नियम संस्थेचा?

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात लेलँड नावाचे गाव आहे. तेथील 'चार्टर डे स्कूल' या शाळेत मुलींनी पँट घालायची नाही, स्कर्टच घालायचा, असा नियम होता. बालवर्गातल्या चिमुरडीपासून आठवीच्या मुलीपर्यंत सर्वांना तो लागू! थंडीत पाय गारठतात, मैदानावर मोकळेपणाने खेळता येत नाही, खाली बसताना अंग चोरून बसावे लागते, अशी मुलींची तक्रार होती. संस्थापकांचे म्हणणे काय? तर स्त्री ही नाजूक असते, पुरुषाने तिला जपायचे असते, हे संस्कार मुलांवर व्हावेत म्हणून हा नियम! स्त्रीला जपण्याच्या नावाखाली जखडून ठेवणारा हा विचार आपल्याला काही नवा नाही.

२०१६ साली पालकांनी न्यायालयात धाव घेतली. तेव्हा शाळेने केलेला बचाव पोशाखापेक्षाही गंभीर होता. शाळा म्हणाली, "आम्ही खासगी संस्था आहोत. सरकारशी आमचा केवळ करार आहे. राज्यघटनेची बंधने सरकारवर असतात, आमच्यावर नाहीत."

चार्टर शाळा म्हणजे काय, हे येथे समजून घेतले पाहिजे. मिनेसोटा राज्याने १९९१ साली पहिला चार्टर कायदा केला आणि १९९२ साली सेंट पॉल शहरात पहिली शाळा सुरू झाली. आज चाळीसहून अधिक राज्यांत अशा शाळा आहेत. पैसा सरकारी, फी नाही, प्रवेश सर्वांना खुला आणि अर्ज जास्त आले तर सोडत; मात्र कारभार स्वतंत्र मंडळाकडे. अभ्यासक्रम, वेळापत्रक, शिक्षकांच्या नेमणुका यांत सूट मिळते, त्या बदल्यात निकाल दाखवायचा. पण सूट नियमांतून आहे, विद्यार्थ्यांच्या हक्कांतून नाही! १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि अपंग मुलांच्या शिक्षणाचा १९७५ चा कायदा या शाळांनाही बांधून ठेवतो. शाळेच्या फाटकातून आत गेल्यावर विद्यार्थ्याचे घटनात्मक हक्क संपत नाहीत, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ सालीच सांगितले. सरकारी शाळेतून दहा दिवसांपर्यंत निलंबित करायचे असले तरी मुलाला आरोप सांगून त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे, असा निकाल १९७५ साली आला. चार्टर शाळा सरकारी मानली तरच ही घटनात्मक ढाल तेथील मुलाच्या हाती राहते. म्हणूनच शाळा सरकारी की खासगी, हा प्रश्न कळीचा आहे.

लेलँडच्या शाळेचा सुमारे ९५ टक्के निधी सरकारी होता. जून २०२२ मध्ये चौथ्या सर्किटच्या अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने बहुमताने निकाल दिला की, मोफत सार्वजनिक शिक्षण देणे हे राज्याचे कर्तव्य आहे. ते दुसऱ्याकडे सोपवून राज्याला राज्यघटनेतून पळवाट काढता येणार नाही. स्कर्टचा नियम मुलींच्या समानतेच्या हक्काचा भंग ठरला. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळेचे अपील ऐकण्यास नकार दिला.

हा युक्तिवाद वाचताना मला महाड आठवले. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, धर्मशाळा आणि सरकारी शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, हा ठराव रावबहादूर सी. के. बोले यांनी १९२३ साली मुंबई कायदे मंडळात मांडला व तो संमत झाला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर विरोधक कोर्टात गेले ते काय सांगत? तळे खासगी मालकीचे आहे! दहा वर्षांनी, १७ मार्च १९३७ रोजी, मुंबई उच्च न्यायालयात तो दावा निकाली निघाला आणि विरोधक हरले. पुढे राज्यघटनेच्या कलम २९(२) मध्ये स्पष्ट लिहिले गेले की, राज्याच्या किंवा राज्याच्या निधीतून मदत मिळणाऱ्या शिक्षणसंस्थेत धर्म, वंश, जात वा भाषा या कारणावरून कोणालाही प्रवेश नाकारता येणार नाही. जिथे जनतेचा पैसा जातो, तिथे जनतेचा हक्क जातो, हे तत्त्व आपल्या समाजाने संघर्षाने मिळवले आहे.

हक्क प्रत्येक वेळी उघडपणे नाकारले जातात असे नाही. २०१७ साली मॅसॅच्युसेट्सच्या माल्डन शहरातील एका चार्टर शाळेने दोन कृष्णवर्णीय जुळ्या बहिणींना केसांत कृत्रिम केस गुंफून वेण्या घातल्या म्हणून शिक्षा केली. नियम सर्वांना सारखा, पण त्याचा फटका कोणाला? राज्याच्या ॲटर्नी जनरलनी हस्तक्षेप केला तेव्हा शाळेने तो नियम स्थगित केला. २०१५ साली न्यूयॉर्क टाइम्सने ब्रुकलिनच्या एका चार्टर शाळेतील १६ मुलांची यादी उघड केली. 'घालवायची मुले' अशा अर्थाचे तिचे शीर्षक होते! त्यांपैकी नऊ मुले पुढे शाळा सोडून गेली.

ही पद्धत आपल्याकडेही आहे. माझ्याकडे येणाऱ्या पालकांच्या हातात शाळा सोडल्याचा दाखला असतो आणि कारणाच्या रकान्यात लिहिलेले असते, 'पालकांच्या विनंतीवरून'. विनंती कोणी केली? महिनाभर रोज बोलावून, "तुमच्या मुलाला आमची शाळा झेपणार नाही, दाखला घेऊन जा," असे ऐकवल्यावर मोलमजुरी करणारा बाप सही करतो. कागदावर मूल स्वतःहून गेलेले असते!

वास्तविक २००९ चा शिक्षण हक्क कायदा याबाबत कडक आहे. कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. कलम १७ शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना बंदी घालते. कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत अपेक्षित आहे. विनाअनुदानित खासगी शाळांनाही २५ टक्के जागांचे बंधन आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने सरकारी वा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरातील खासगी शाळांना त्यातून सूट दिली, ती मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द ठरवली. पालक व संघटना लढल्या म्हणून हे घडले.

कोणी म्हणेल, चार्टर शाळांचा निकाल चांगला लागतो. खरे आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०२३ च्या अभ्यासात गरीब कृष्णवर्णीय मुलांची तेथे अधिक प्रगती दिसली. आपल्या वस्तीतील शाळा ढासळलेली असेल तर आईबापाने दुसरे दार का ठोठावू नये? जरूर ठोठवावे. पण गुणांसाठी मुलाचा सन्मान गहाण ठेवा, असे गरिबालाच का सांगितले जाते?

लढाई अजून संपलेली नाही. चौथ्या सर्किटचा निकाल त्याच्या अखत्यारीतील राज्यांपुरताच बंधनकारक आहे. ओक्लाहोमातील धार्मिक चार्टर शाळेच्या प्रकरणात मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४ विरुद्ध ४ अशी मते पडली. ती शाळा राज्य न्यायालयाच्या निकालामुळे अडली, पण देशासाठी प्रश्न खुलाच राहिला.

आपल्या पालकांना माझे एवढेच सांगणे आहे. शाळेने दाखल्यावर सही मागितली तर लगेच करू नका. कारण लेखी मागा, तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. चवदार तळे खासगी आहे म्हणणाऱ्यांना बाबासाहेबांनी कोर्टात कागदपत्रांनिशी उत्तर दिले होते. आपल्या लेकरांच्या शाळेसाठी आपणही ते देऊ शकतो.