समईच्या उजेडातले फोटो

गेल्या मार्गशीर्षात माझ्या पुतणीचे लग्न झाले. आईचे वय ८६. तिला प्रवास झेपत नाही, म्हणून कार्यालय न घेता लग्न घरीच, वाड्याच्या चौकात, गोरज मुहूर्तावर करायचे ठरले. झगझगीत दिवे नकोत. समया, पणत्या आणि दोन-तीन मंद पिवळे बल्ब एवढीच रोषणाई, हेही घरातल्या मुलींनीच ठरवून टाकले. मी नुकताच जुना कॅमेरा देऊन नवा घेतला होता, तेव्हा फोटोंचे काम ओघानेच माझ्याकडे आले.

"काका, फ्लॅश मात्र नको हं," पुतणीने बजावले. "फ्लॅश पडला की आजी डोळे मिटते. माझ्याकडे तिचा उघड्या डोळ्यांचा एकसुद्धा धड फोटो नाही."

मी हो म्हटले. नव्या कॅमेऱ्यावर माझा भरवसा होता. आधी आठवडाभर केळवण झाले, तेव्हा त्याच चौकात, तशाच उजेडात सराव म्हणून शंभरेक फोटो काढले. रात्री संगणकावर पाहिले आणि खट्टू झालो. निम्म्या फोटोंवर कोणी बारीक रवा भुरभुरावा तसे दाणे. उरलेल्या निम्म्यांत माणसांची भुते झालेली. पहिला विचार आला तो हाच, की कॅमेरा सदोष असावा. पण रोज वर्गात प्रकाशाचा धडा शिकवणाऱ्याने दोष देण्याआधी निदान हिशेब तरी करावा, म्हणून कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तो हिशेब आपल्या वर्गातही करता येण्याजोगा आहे.

उजेड खरोखर किती?

उजेड मोजण्याचे एकक लक्स. भर दुपारच्या उन्हात सुमारे १,००,००० लक्स उजेड असतो. खिडकीजवळच्या बाकावर काही शे लक्स. एका मेणबत्तीपासून एक मीटर अंतरावर साधारण १ लक्स. कॅमेऱ्यातल्या मीटरवरून काढलेला आमच्या चौकाचा उजेड भरला जेमतेम १० लक्स. म्हणजे उन्हाच्या दहा हजारांश!

आपल्याला हे जाणवत नाही, कारण डोळा बेमालूम जुळवून घेतो. अंधारात बाहुली मोठी होते; २ मिलिमीटरची ७ मिलिमीटर झाली, तर बारापट उजेड आत येतो. शिवाय दृष्टिपटलाची संवेदनशीलता हळूहळू वाढत जाते. म्हणून समईच्या उजेडात आपल्याला 'छान दिसते'. कॅमेऱ्याला मात्र मिळेल तेवढ्यावरच भागवावे लागते.

मोजून मिळणारा प्रकाश

प्रकाश सुट्या कणांच्या स्वरूपात शोषला जातो, ही कल्पना आइन्स्टाइनने १९०५ मध्ये मांडली. या कणांना आपण फोटॉन म्हणतो. कॅमेऱ्यातला संवेदक म्हणजे सिलिकॉनची एक पातळ चकती. तिच्यावर फोटॉन आदळला की एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो. असे इलेक्ट्रॉन साठवून मोजण्याची सीसीडी ही रचना बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये शोधली. त्यासाठी त्यांना २००९ सालच्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत सीमॉस नावाची वेगळी रचना असते, पण फोटॉन टिपून इलेक्ट्रॉन मोजायचे हे तत्त्व तेच.

संवेदकावर अशा कोट्यवधी चिमुकल्या वाट्या मांडलेल्या आहेत असे समजा. एकेक वाटी ४ मायक्रोमीटर रुंद, म्हणजे एका मिलिमीटरात अडीचशे वाट्या. फोटो काढणे म्हणजे प्रत्येक वाटीत किती फोटॉन पडले ते मोजणे.

आता आमच्या चौकातला हिशेब. उजेड १० लक्स. समोर फिकट रंगाचे कापड, पडलेला निम्मा उजेड परत फेकणारे. शटर १/५० सेकंद उघडे. माझ्या कॅमेऱ्याबरोबर आलेल्या झूम भिंगाचे छिद्र होते एफ ५.६. ढोबळ गणित केले, तर एका वाटीच्या वाट्याला सुमारे ५० फोटॉन येतात. कापडाऐवजी काळेभोर केस असतील, तर ५! उन्हात एफ ८ छिद्राने आणि १/१००० सेकंदात काढलेल्या फोटोत त्याच कापडासाठी हाच आकडा बारा हजारांच्या पुढे जातो.

पण फोटॉन कमी म्हणजे फोटो काळोखा यायला हवा. दाणेदार का यावा? याचे उत्तर मिळवायला कॅमेरा लागत नाही. मूठभर तांदूळ पुरतात.

करून पहा

बुद्धिबळाच्या पटासारखी ६४ घरे एका मोठ्या फडक्यावर आखा. फडके ओले करून जमिनीवर पसरा, म्हणजे दाणे घरंगळणार नाहीत. तांदळाचे सुमारे २५६ दाणे मोजून घ्या आणि लग्नात अक्षता टाकतो तसे उंचावरून, सगळीकडे सारखे पडतील अशा बेताने, थोडे थोडे टाका. आता प्रत्येक घरातले दाणे मोजा. एकेका गटाला एकेक ओळ दिली, तर काम पाच मिनिटांत होते.

सरासरी आली घरटी ४ दाणे. पण प्रत्येक घरात चारच दाणे सापडतील का? मुळीच नाही. कुठे २, कुठे ६, एखाद्या घरात एकही नाही, तर एखाद्यात ८ किंवा ९. टाकणाऱ्याने पक्षपात केलेला नाही. दाणे एकमेकांना विचारून पडत नाहीत, एवढेच याचे कारण.

आता १६०० दाणे टाका. (शंभर दाणे मोजून त्यांचे माप ठरवा आणि तशी सोळा मापे घ्या.) सरासरी २५. साधारण दोन तृतीयांश घरांत २० ते ३० दाणे आढळतील. चढउतार आधीपेक्षा मोठा आहे, ४ च्या जागी २५ आले तेव्हा २ च्या जागी ५. पण सरासरीच्या मानाने तो निम्म्याहूनही कमी झाला. आधी ५० टक्के, आता २० टक्के. सूत्र सोपे आहे: सरासरी जेवढी, तिच्या वर्गमुळाइतका चढउतार.

फोटॉनही असेच, एकमेकांना न विचारता येतात. बारा हजार फोटॉन पडतात तिथे चढउतार शंभर-सव्वाशेचा, म्हणजे एक टक्का. डोळ्याला तो कळतही नाही. पन्नास पडतात तिथे ७ चा, म्हणजे १४ टक्के. आणि पाच पडतात तिथे २ चा, जवळपास निम्मा! एकसारख्या रंगाच्या कापडावरही मग शेजारशेजारच्या वाट्या निरनिराळा उजेड नोंदवतात. तोच आपल्याला दिसणारा 'रवा'. म्हणजे माझ्या फोटोतले दाणे मुख्यतः कॅमेऱ्याचा दोष नव्हते. प्रकाशच दाणेदार आहे, आणि कमी उजेडात त्याचे दाणे उघडे पडतात.

आयएसओने उजेड वाढत नाही

"मग आयएसओ वाढवा की," असे कोणीही सुचवेल. माझ्या कॅमेऱ्याने आपणहून तेच केले होते; दाणेदार फोटोंवर आयएसओ ४०,००० ची नोंद होती. फिल्मच्या काळात ४०० ची फिल्म १०० च्या फिल्मपेक्षा खरोखरच वेगळी असे. तिच्यातले चांदीच्या क्षाराचे स्फटिक मोठे असत. डिजिटल कॅमेऱ्यात संवेदक तोच राहतो. आयएसओ वाढवला म्हणजे मोजणी झाल्यावर आलेल्या संकेताला मोठ्या संख्येने गुणले. पन्नास फोटॉनच्या जागी पाचशे दिसू लागतात. पण ७ चा चढउतारही ७० होतो. शाळेच्या ध्वनिक्षेपकाचा आवाज वाढवला, की वक्त्याबरोबर खरखरही वाढते, तसेच हे. आयएसओने फोटो उजळतो, माहिती मात्र वाढत नाही.

म्हणून आयएसओ वाईट असे नव्हे. घाबरून मी तो १६०० वर आणला, तेव्हा कॅमेऱ्याने शटर अर्धा सेकंद उघडे ठेवले. सावकाश चालणारा माणूससुद्धा अर्ध्या सेकंदात अर्धा मीटर सरकतो. माणसांची भुते झाली ती अशी. दाणेदार फोटो पाहता येतो. हललेल्या फोटोतला चेहरा कायमचा गेलेला असतो. तेव्हा दोन्हींतून निवडायची वेळ आली, तर दाणे पत्करावेत.

मग नव्या कॅमेऱ्याने काय दिले?

दोन गोष्टी दिल्या. पहिली, मोठा संवेदक. माझ्या जुन्या कॅमेऱ्यातला संवेदक साधारण २३.५ × १५.६ मिलिमीटरचा होता, नव्यातला ३६ × २४ चा. क्षेत्रफळ २.३ पटींहून अधिक. पावसात घागरीऐवजी परात ठेवावी तसे. दुसरी, पडलेल्यांपैकी अधिक फोटॉन टिपणारे आणि स्वतःची विद्युत खरखर कमी असणारे सिलिकॉन.

पण इथे एक पक्की मर्यादा आहे. शंभर फोटॉन पडले, तर उत्तमातला उत्तम संवेदक शंभरच मोजेल, एकशे एक नाही. चांगले संवेदक आजच निम्म्याच्या आसपास टिपतात. म्हणजे यापुढे कितीही महागडा कॅमेरा आला, तरी तेवढ्याच मापाच्या संवेदकावर फायदा फार तर दुपटीचा. मला हवी होती दहापट. ती दुसरीकडूनच आणायला हवी होती.

दहापट उजेड कुठून आणला?

पहिला मार्ग भिंगाचा. एफचा आकडा म्हणजे भिंगाचे नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास. ५० मिलिमीटरच्या भिंगाला एफ ५.६ वर छिद्र असते ९ मिलिमीटरचे, एफ १.८ वर सुमारे २८ मिलिमीटरचे. व्यास तिप्पट, म्हणून क्षेत्रफळ जवळजवळ दहापट. असे बिनझूमचे साधे भिंग कॅमेऱ्याच्या मानाने स्वस्त असते. मी ते एका स्नेह्याकडून मागून आणले. पन्नास फोटॉनचे पाचशे झाले आणि आयएसओ ४०,००० वरून ४,००० वर उतरला. यावेळचे पाचशे गुणून आणलेले नव्हते, खरोखर आत आलेले होते.

याची किंमत मोजावी लागते ती खोलीत. दोन मीटरवरच्या माणसाचा फोटो एफ १.८ वर घेतला, तर पुढेमागे मिळून फक्त १७-१८ सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. वधूचे डोळे स्पष्ट, वराचे धूसर, असे सहज होते. उपाय भूमितीचा: दोन्ही चेहरे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर हवेत. अंतरपाटाच्या रेषेत, बाजूला उभे राहिले की ते आपोआप साधते.

दुसरा मार्ग व्यस्त वर्गाचा नियम. दिवा चेहऱ्यापासून दोन मीटरवर होता, तो एक मीटरवर आणला की उजेड चौपट. मुहूर्ताच्या आधी वहिनींना विचारून आईच्या खुर्चीजवळची समई निम्म्या अंतरावर आणली आणि तिच्या पलीकडच्या भिंतीवर पांढरी चादर लावली, म्हणजे वाया जाणारा उजेड परत फिरावा. (समई आणि चादर एकमेकींपासून पुरेशी लांब ठेवावीत, हे सांगायला नकोच.) फ्लॅश लांबच्यांना उजळत नाही त्याचे कारणही हाच नियम, जवळचा माणूस पांढराफटक आणि मागचा चौक काळाकुट्ट.

तिसरा मार्ग वेळेचा. हालचालीतही स्तब्ध क्षण असतात. मंगलाष्टक चालू असताना सगळे उभे असतात. अक्षता पडतात त्या कडव्याच्या शेवटी. ते मधले क्षण १/५० सेकंदाला पुरतात. १/५० च का? आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अनेक एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/५० सेकंदात दोन लुकलुकी पूर्ण बसतात. शटर १/२५० ठेवले, तर एकाच फोटोत उजेड-अंधाराचे पट्टे उमटू शकतात.

अक्षता पडल्या

लग्नाच्या दिवशी मी चारशे फोटो काढले. त्यांतले साठ-सत्तर ठेवण्याजोगे निघाले. आईचा एक आहे: समईशेजारी बसलेली, मुठीत अक्षता, नजर अंतरपाटाकडे, डोळे टक्क उघडे. तिच्या केसांची प्रत्येक पांढरी बट स्वच्छ आली आहे. तिच्यामागे उभ्या असलेल्या मुलींच्या काळ्या केसांत मात्र दाणे दिसतात. पांढरे केस पुष्कळ फोटॉन परत पाठवतात, काळे फार थोडे. तांदळाचा हिशेब तिथेही चुकला नाही.

संगणकाने दाणे पुसण्याची सोय असते. मी करून पाहिली. दाण्यांबरोबर आईच्या कपाळावरच्या बारीक सुरकुत्याही गुळगुळीत झाल्या, कारण खरी रेघ कोणती आणि योगायोगाने पडलेला दाणा कोणता, हे इतक्या थोड्या फोटॉनांवरून संगणकालाही खात्रीने सांगता येत नाही. ते पुसणे रद्द केले आणि फोटो आहे तसाच छापून आणला.

पुतणीने तो भिंतीवर लावला आहे. आईने चष्मा पुसून पुन्हा पाहिला आणि विचारले, "हे बारीक बारीक काय दिसतंय रे?"

"उजेडाचे दाणे आहेत," मी म्हटले.

"मोजलेस का?" तिने विचारले.

अंदाज काढला आहे, एवढेच मी सांगितले.