दर दुसऱ्या रविवारी एक शोधनिबंध

मागच्या पावसाळ्यात धुळ्याहून आपाचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. मोबाइलवर आलेला एक मेसेज तिने मला वाचून दाखवला. कृत्रिम बुद्धिमत्तेने, म्हणजे एआयने, साखरेच्या आजारावर कायमचे औषध शोधले आहे आणि ते लवकरच बाजारात येणार आहे, असे त्यात लिहिले होते. "मग आता या गोळ्या कशाला पोटात टाकायच्या?" आपा म्हणाली. मी ते हसण्यावारी नेले.

तीन आठवड्यांनी कळले की तिने गोळ्या खरोखरच बंद केल्या होत्या. स्वयंपाकघरात चक्कर येऊन ती पडली, तेव्हा साखर चारशेच्या वर निघाली. अल्लाहचे शुक्र, वेळेवर उपचार मिळाले.

आपाची मुलगी एम. फार्म. करते. मी तिला जरा रागानेच विचारले, "औषधांचं शिकतेस, मग अम्मीला सांगितलं का नाहीस?" तिने मान खाली घातली. "खाला, एआयने औषधं शोधतात हे खोटं नाही. पण ते कुठपर्यंत खरं आहे, हे मलाच ठाऊक नव्हतं. आम्ही परीक्षेसाठी नोट्स वाचतो. मूळ शोधनिबंध वाचायला बसलोच नाही कधी."

तिच्या या प्रामाणिक उत्तरातून आपाच्या ओसरीवर आमचा जर्नल क्लब सुरू झाला.

जर्नल क्लब हे नाव मोठे वाटते, पण गोष्ट साधी आहे. एक शोधनिबंध निवडायचा, सर्वांनी तो घरी वाचून यायचे, एकाने समजावून सांगायचा आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. ही रीत गरजेतून जन्मली. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलचे जेम्स पॅजेट यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की हॉस्पिटलजवळच्या एका बेकरीच्या वरच्या लहानशा खोलीत विद्यार्थी जमून नियतकालिके वाचत. पुढे १८७५ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात विल्यम ऑस्लर यांनी असा क्लब सुरू केला. एकट्याला परवडणार नाहीत अशी नियतकालिके मिळून घ्यावीत, हा त्यामागचा हेतू होता. आज बरेच शोधनिबंध मोबाइलवर फुकट मिळतात. कमी आहे ती सोबत बसून वाचणाऱ्यांची.

आमच्यात सहा मुले-मुली आहेत. चौघे धुळ्याचे फार्मसीचे विद्यार्थी. जळगावचे दोघे संगणकशास्त्र शिकतात आणि व्हिडिओ कॉलवर येतात. दर दुसऱ्या रविवारी असरनंतर आम्ही बसतो आणि मगरिबच्या अजानला उठतो. मी उर्दू-मराठी शिकवणारी बाई, मला रसायनशास्त्रातले काय कळणार? पण मुलांनी माझ्यावरूनच नियम केला: "खालाला मराठीत समजलं नाही, तर आपल्यालाही समजलेलं नाही."

पहिला निबंध घेतला तो २०२० साली 'सेल' या नियतकालिकात आलेला, अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेच्या संशोधकांचा. त्यांनी २,३३५ रेणू एका जिवाणूवर तपासले. कोणता रेणू जिवाणूची वाढ रोखतो आणि कोणता नाही, हे संगणकाला शिकवले. मग त्याच्यापुढे सुमारे सहा हजार इतर रेणू ठेवले. त्याने निवडलेल्यांपैकी ९९ प्रयोगशाळेत तपासले, तेव्हा ५१ उपयोगी निघाले. त्यातल्या एकाला 'हॅलिसिन' नाव दिले. गंमत म्हणजे हा रेणू आधी मधुमेहासाठी अभ्यासला गेला होता आणि आता तो जंतुनाशक म्हणून पुढे आला. उंदरांमध्ये त्याने चिवट संसर्ग बरा केला.

मुले खूश झाली. स्वयंपाकघरातून आपाचा आवाज आला, "माणसांना दिलं का?" सगळे गप्प. उत्तर होते, त्या निबंधात उंदरांपर्यंतच. हॅलिसिन आजही औषधाच्या दुकानात मिळत नाही. आपाचा तो प्रश्न भाचीने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला.

दुसऱ्या निबंधाने मात्र आमचे डोळे उघडले. तो 'प्लॉस वन' या नियतकालिकात २०१९ साली आला. समजायला एक उपमा घेऊ. आजाराशी संबंधित प्रथिन म्हणजे कुलूप आणि औषधाचा रेणू म्हणजे किल्ली. कोणती किल्ली कोणत्या कुलपाला बसेल, हे संगणकाला ओळखायचे असते. त्याच्या सरावासाठी आणि परीक्षेसाठी 'डीयूडी-ई' नावाचा एक संग्रह जगभर वापरतात. त्यात १०२ प्रथिने, त्यांना बसणारे रेणू आणि फसवे रेणू आहेत. या संग्रहावर एआयला उत्तम गुण मिळत होते. संशोधकांनी एक साधी युक्ती केली. कुलूप काढून घेतले आणि संगणकाला फक्त किल्ल्या दाखवल्या. तरी गुण जवळजवळ तेवढेच!

मुले एकमेकांकडे पाहू लागली. मला मात्र हे लगेच समजले, कारण माझ्या वर्गात असे विद्यार्थी आहेत. चार पर्यायांपैकी सर्वांत लांब पर्यायावर खूण करायची, की बऱ्याचदा उत्तर बरोबर येते. प्रश्न वाचायची गरजच नाही. गुण मिळतात, ज्ञान नाही. संगणकानेही तेच केले होते. खऱ्या आणि फसव्या किल्ल्यांच्या घडणीत जो फरक राहून गेला होता, तो त्याने हेरला. कुलपाकडे त्याने पाहिलेच नाही. चूक यंत्राची कमी आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांची जास्त.

याचा अर्थ एआय निरुपयोगी आहे असा नाही. प्रथिनांचे आकार ओळखणाऱ्या 'अल्फाफोल्ड'साठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. फुप्फुसे कडक होत जाण्याच्या आजारावरचे 'रेंटोसर्टिब' हे औषध एआयच्या मदतीने घडवले गेले आणि माणसांपर्यंत पोचले. त्याच्या चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये आले. ते आशादायक आहेत. पण चाचणीत रुग्ण होते ७१ आणि काळ होता १२ आठवडे. एवढ्यावर औषध बाजारात येत नाही. मोठ्या चाचण्या व्हाव्या लागतात आणि माणसांवरच्या चाचण्यांत उतरलेली बहुतेक औषधे वाटेतच गळतात. आशा आणि गोळी यांच्यात बरीच वर्षे असतात. आपाच्या मेसेजने नेमकी तीच वर्षे गिळून टाकली होती.

आता आमच्या वहीत पाच प्रश्न आहेत. प्रत्येक निबंधाला ते विचारतो. यंत्राला कशावर शिकवले? परीक्षेतले रेणू सरावातल्यांसारखेच तर नव्हते? साध्या, जुन्या पद्धतीने तेवढेच गुण मिळाले असते का? प्रयोगशाळेत प्रत्यक्ष तपासले का? आणि आपाचा प्रश्न: माणसांना दिले का, किती जणांना?

खान्देशात धुळे, शिरपूर, जळगाव, अक्कलकुवा इथे फार्मसी शिकणारी आपली कितीतरी मुले-मुली आहेत. त्यांच्यासाठी चार अनुभवाच्या गोष्टी सांगते. सुरुवात चार-पाच जणांनी करावी. निबंध आठवडाभर आधी ठरवावा, आणि 'पबमेड सेंट्रल'सारख्या ठिकाणी मोफत मिळणारा निवडावा. इतर तज्ज्ञांनी अजून न तपासलेला निबंध असेल, तर तसे आधीच सांगावे. आधी आकृत्या आणि तक्ते पाहावेत, लेखकाचा निष्कर्ष शेवटी वाचावा. पहिला प्रश्न सर्वांत लहान विद्यार्थ्याने विचारावा, नाहीतर मोठ्यांपुढे तो तोंडच उघडत नाही. "मला समजले नाही" म्हणणाऱ्याला कोणी हसू नये. फार्मसीवाल्यांसोबत संगणकाचा एक तरी विद्यार्थी असावा. एकाला रेणू कळतो, दुसऱ्याला यंत्र. आणि घरातले एक वडीलधारे माणूस जवळ बसलेले असावे.

आई-वडिलांनाही एक विनंती. मुलगी रविवारी दोन तास मैत्रिणींसोबत वाचत बसली, तर अभ्यास सोडून गप्पा मारते असे समजू नका. ओसरी द्या, चहा द्या, जमले तर तुम्हीही बसा.

आपाच्या गोळ्या आता नियमित चालू आहेत. परवा तिच्या मोबाइलवर पुन्हा एका चमत्कारी औषधाचा मेसेज आला. या वेळी तिने मला फोन केला नाही. मुलीला हाक मारली आणि म्हणाली, "वही आण ग, पाच प्रश्न विचारून बघू."