कागदी भुतांची उतरती कळा

जपानच्या ‘टीव्ही टोकियो’ या दूरचित्रवाणी वाहिनीवर २०१३ सालच्या जुलै महिन्यात, मध्यरात्र उलटून गेल्यावर आणि संसारी माणसांची निजानीज झाल्यावर, ‘यामी शिबाई’ नावाची एक भयकथांची अ‍ॅनिमे मालिका सुरू झाली. आणि तिचा एकेक भाग जेमतेम चार-पाच मिनिटांत आटोपत असूनही तिने भयरसाच्या भोक्त्यांत असा काही लौकिक संपादन केला की, पुढे तिची डझनाहून अधिक पर्वे निघाली. पर्वांची संख्या जसजशी वाढत गेली तसतसा मालिकेचा कस उतरत गेला, अशी तिच्या जुन्या चाहत्यांची तक्रार आहे. ही तक्रार प्रस्तुत लेखकाला बव्हंशी रास्त वाटते. मात्र चित्रकारांचा आळस आणि निर्मात्यांचा लोभ ही या घसरणीची जी दोन कारणे सरसकट पुढे केली जातात, ती पटत नाहीत. या मालिकेने एका जुन्या लोककलेकडून काय उचलले आणि काय मागे ठेवले, हे पाहिल्यावाचून तिच्या ऱ्हासाचा उलगडा होणार नाही.

१९३०च्या आगेमागे, जागतिक मंदीने जपानातील असंख्य माणसे रोजगाराला मुकली असता, टोकियोच्या गल्लीबोळांतून ‘कामिशिबाई’ म्हणजे कागदी नाटक दाखवणारे फिरस्ते हिंडू लागले. सायकलच्या मागे बसवलेली लाकडी चौकट, तीत एकामागे एक सरकवलेले हाताने रंगवलेले पुठ्ठे, आणि पोरे गोळा करण्यासाठी एकमेकींवर आपटायच्या दोन लाकडी पट्ट्या, एवढाच त्यांचा सरंजाम. खेळ फुकट असे, कमाई मिठाईवर चाले. जो मुलगा गोळी किंवा काडीवरचा चिकट पाक विकत घेई त्याला पुढची जागा, आणि ज्याच्या खिशात दमडी नसे त्याने टाचा उंचावून मागून पाहावे, असा दस्तुर होता. चित्रांचे संचही या फिरस्त्यांच्या मालकीचे नसत. ते व्यापाऱ्याकडून भाड्याने आणावे लागत, आणि एका मोहल्ल्यात दाखवून झालेला संच पुढे दुसऱ्याच्या सायकलीवर चढून दुसऱ्या मोहल्ल्यात जाई. कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकर चित्रकथींची पोथी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना चित्र समोर धरून कथा लावण्याचा हा प्रकार अपरिचित वाटणार नाही. अंतर एवढेच की, चित्रकथी रामायण-महाभारतातील आख्याने सांगतो, आणि टोकियोचा फिरस्ता ‘ओगोन बॅट’ या कवटीच्या तोंडाच्या महावीराचा कालच्या पुढचा भाग सांगत असे.

या पेशातले खरे कसब पुठ्ठा ओढण्यात होते. पुढचा पुठ्ठा बाजूला सरकला की मागचा दिसतो, हे तर लहान मुलालाही कळते. परंतु तो एका हिसक्यात ओढायचा, की निम्म्यावर आणून थांबवायचा, की हाताला कंप देत बोटा-बोटाने सरकवायचा, यावर मुलांचा श्वास अडकणे किंवा न अडकणे अवलंबून असे. अर्धा ओढलेला पुठ्ठा दाराची फट दाखवतो आणि फटीमागे जे काही उभे आहे ते झाकून ठेवतो. आणि तेवढ्या अवकाशात कथेकरी समोरच्या चेहऱ्यांवर नजर फिरवून ठरवू शकतो की, आणखी ताणायचे की आता मोकळे करायचे.

‘यामी शिबाई’च्या पहिल्या पर्वाने हे कसब दूरचित्रवाणीवर आणले. पिवळा मुखवटा घातलेला एक माणूस संध्याकाळी पाच वाजता मुलांच्या मैदानावर सायकल घेऊन येतो आणि कथा सुरू करतो, अशी तिची चौकट. दिग्दर्शन तोमोया ताकाशिमा यांचे, लेखन हिरोमु कुमामोतो यांचे, आणि भाग तेरा. चित्रे हलतात ती नाइलाजाने हलल्यासारखी: कागदातून कापून काढलेली माणसे कडेकडेने सरकतात, तोंडे फारशी उघडत नाहीत, आणि सपाट चेहऱ्यावरचे डोळे मात्र नको तितके खरे वाटतात. अ‍ॅनिमेच्या सामान्य प्रेक्षकाला ही दरिद्री चित्रकला वाटावी, पण भयाला तिचा फायदाच झाला. कारण जे स्थिर आहे ते केव्हा हलेल याची धास्ती, सतत हलणाऱ्या चित्राने उत्पन्न होत नाही. या पर्वातील ‘केस’ ही कथा प्रस्तुत लेखकाला सर्वांत सरस वाटते. रात्री शाळेत एकटी राहिलेली एक शिक्षिका यंत्रावर कागदांच्या प्रती काढीत असते, आणि प्रतीवर एक काळी रेघ उमटते, केसासारखी. आणि मग ती वाढू लागते. कागदावर सांगितलेल्या कथेत कागदावरच भूत उमटावे, यात जी संगती आहे ती पुढे फार थोड्या भागांना साधली. आगगाडीच्या डब्यातील सामानाच्या फळीवर पडलेला मांसाचा गोळा, किंवा नव्या खोलीत बिऱ्हाड केलेल्या एकट्या तरुणाकडे समोरच्या इमारतीतून टक लावून पाहणारी बाई, यांचे तर कारणही कोणी सांगत नाही.

कारण न सांगण्याची ही रीत जुनी नव्हे. १८२५ साली रंगभूमीवर आलेल्या ‘योत्सुया काइदान’ या प्रसिद्ध काबुकी नाटकातील ओइवा पतीने केलेल्या घातामुळे पिशाच होते. तिच्या सूडाला एक न्याय आहे, आणि प्रेक्षक भीत असला तरी मनातून तिच्याच बाजूला असतो. विसाव्या शतकातील शहरी वदंतांना अशा न्यायाची गरज उरली नाही. १९७९ साली जपानभर पसरलेली, तोंड कानापर्यंत फाटलेल्या बाईची अफवा पाहा: ती तोंडावर पट्टी बांधून रस्त्यात मुलांना अडवते, मी सुंदर आहे का म्हणून विचारते, आणि कोणतेही उत्तर पुरेसे सुरक्षित नसते. या अफवेने शाळांची अशी तारांबळ उडवली की, ठिकठिकाणी मुलांना गटागटाने घरी धाडण्याची वेळ आली. ‘यामी शिबाई’चे पहिले पर्व या वदंतांच्या कुळातले आहे. तिथे अपराध नसतो, म्हणून प्रायश्चित्तही नसते.

दुसऱ्या पर्वात, म्हणजे २०१४ साली, ‘जु-ऑन’ या चित्रपटाचे ताकाशी शिमिझु आणि ‘मशीन गर्ल’चे नोबोरु इगुची, असे दोन नामवंत दिग्दर्शक मालिकेत आले. पर्व वाईट नाही; काही कथा तर पहिल्यापेक्षा उजव्या आहेत. परंतु चित्रपटाच्या भयाचा एक निराळा हिशेब असतो. दीड तासाच्या काळोखात अचानक समोर आलेला चेहरा आणि त्याबरोबरची किंकाळी शोभून जाते, कारण तिच्यामागे दीर्घ शांततेची पुंजी असते. चार मिनिटांत तोच चेहरा आणायचा म्हटला की पुंजी न साठवताच ती खर्चावी लागते. तिसरे पर्व २०१६च्या जानेवारीत आले. जपानात भूतकथा हा उन्हाळ्याचा जिन्नस. पितरांचा ओबोन सण उन्हाळ्यातला, आणि काबुकीगृहांतील भुतांच्या नाटकांचा हंगामही तोच. त्यामुळे ऐन थंडीत हे दुकान मांडण्याचे प्रयोजन कळत नाही. पुढे मुखवट्याच्या माणसाचे स्थान आणि चौकट पर्वागणिक बदलत राहिली: सहाव्या पर्वात अरण्य, सातव्यात जुनी सदनिकांची इमारत, नवव्यात पूर्वेकडील कालगणनेतील बारा प्राणी. चौकट इतक्या वेळा बदलावी लागते, तेव्हा आत घालायला चित्र कमी पडू लागले आहे, असे समजायला हरकत नाही.

आता जुन्या फिरस्त्याकडे पुन्हा एकदा पाहू. त्यालाही रोज त्याच पोरांपुढे उभे राहायचे होते. मग त्याचा खेळ शिळा कसा होत नसे? तो केवळ भयावर पोट भरीत नव्हता, हे त्याचे उत्तर. त्याच्या एका फेरीत साधारणतः लहानग्यांसाठी एक विनोदी कथा, मुलींसाठी एक रडवी करुणकथा आणि मुलग्यांसाठी एक साहसकथा असे, आणि त्यातल्या भागांचा शेवट उद्यावर टाकलेला असे. थडग्यातून जन्मलेला मुलगा ‘कितारो’ हे आज जपानात घरोघरी माहीत असलेले पात्र मूळ १९३०नंतरच्या दशकातील अशाच एका कागदी नाटकातले. युद्धानंतर याच धंद्यात चित्रे काढून गुजराण करणाऱ्या शिगेरु मिझुकी यांनी त्याला पुन्हा हाती घेतले, आणि पुढे कॉमिकच्या पानांवर त्याच्याभोवती विनोदी, लोभी, भित्री भुते उभी करून त्याला दीर्घायुष्य दिले. ‘यामी शिबाई’ने त्या मिसळीतून तिखट तेवढे वेचून घेतले. हसू नाही, ओळखीचे पात्र नाही, उद्याची ओढ नाही. प्रत्येक भागात एक नवे माणूस येते आणि चौथ्या मिनिटाला त्याचे बरेवाईट होते. पन्नासाव्या कथेपर्यंत आलेला प्रेक्षक घड्याळाकडे पाहून सांगू शकतो की, चेहरा आता येईल. आणि जे घड्याळावर येते त्याची भीती कशी वाटावी?

त्यात भर पडली ती स्वस्ताईची. खर्चिक मालिका दर्जा घसरला की तोट्यात जाते आणि बंद पडते. पण जिचा भाग चार-पाच मिनिटांचा, जिची चित्रे मुळातच जेमतेम हलणारी, आणि जिची वेळ मध्यरात्रीची, तिला बंद करण्याची निकड कोणालाच भासत नाही. ज्या काटकसरीने पहिल्या पर्वाला त्याचे रूप दिले, तीच पुढच्या पर्वांची सनद झाली.

तरीही एक गोष्ट तक्रारदारांच्या विरुद्ध नोंदवली पाहिजे. हा ऱ्हास क्रमाने पाहणाऱ्यालाच जाणवतो. ज्याची गाठ प्रथम नवव्या पर्वाशी पडली, असा कोवळ्या वयाचा प्रेक्षक त्यातल्या एखाद्या कथेने खरोखरच दचकतो, आणि मग मागे जाऊन पहिले पर्व पाहतो तेव्हा त्याला ते संथ आणि जुनाट वाटण्याचाही संभव आहे. ज्यांना अद्याप यातले काहीच ठाऊक नाही, त्यांनी पहिली दोन पर्वे पाहावीत, तीही रात्रीला एक कथा या हिशेबाने. सबंध पर्व एका बैठकीत उरकले तर तासाभरातच सारी युक्ती उघडी पडते.