योकोहामा : ढिगाऱ्यावर फुललेले बंदर

टोकियोच्या मुख्य स्थानकावरून निघालेली रेल्वेगाडी अर्ध्या तासात योकोहामाला पोचते. इतके जवळ असल्यामुळेच की काय, जपानला जाणारे अनेक भारतीय पर्यटक या शहरासाठी जेमतेम एक संध्याकाळ राखून ठेवतात. गगनचुंबी मनोरे, प्रचंड आकाशपाळणा, पाण्यावर थरथरणारे दिवे आणि चायनाटाऊनमधील गर्दी पाहून ते परततात. पण सुमारे ३७ लाख वस्तीच्या या बंदराचा जिवंतपणा त्याच्या रोषणाईत नाही. आज जेथे माणसे मौजेसाठी जमतात, त्यातील बरीचशी जागा कधी काळी राखेची, ढिगाऱ्याची किंवा बंद पडलेल्या कारखान्याची होती. हे ठाऊक असले, की किनाऱ्यावरून चालणे हा निराळाच अनुभव ठरतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत योकोहामा हे मासेमारीवर जगणारे खेडे होते. अमेरिकेच्या कमोडोर पेरीने युद्धनौकांच्या धाकावर १८५४ मध्ये याच किनाऱ्यावर जपानला तह करायला लावले. पुढे १८५९ मध्ये येथील बंदर परकीय व्यापाराला खुले झाले. येथून कच्चे रेशीम जगभर जाऊ लागले आणि गॅसचे दिवे, वृत्तपत्रे, आइस्क्रीम अशा नव्या गोष्टी येथूनच जपानमध्ये शिरल्या. देशातील पहिली रेल्वे १८७२ मध्ये टोकियोतील शिंबाशी ते योकोहामा अशीच धावली. तेव्हाचे योकोहामा स्थानक म्हणजेच आजचे साकुरागिचो.

पाणपोईतली कृतज्ञता

शहर पाहण्याची सुरुवात मात्र दुसऱ्या टोकापासून, मोतोमाची-चुकागाई स्थानकापासून करावी. तेथून यामाशिता उद्यान हाकेच्या अंतरावर आहे. गुलाबांचे ताटवे, समुद्राकडे तोंड केलेली बाके, धावणारी मुले असे हे दृश्य. हे उद्यान उभे आहे ते १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपाच्या ढिगाऱ्यावर. दुपारच्या जेवणाच्या वेळी, चुली पेटलेल्या असताना हा भूकंप झाला आणि नंतरच्या आगींनी उरलेसुरले शहरही गिळले. एकट्या योकोहामात सुमारे २६ हजार माणसे मरण पावली. कोसळलेल्या घरांच्या विटा-दगड समुद्रात लोटून भराव करण्यात आला आणि त्यावर १९३० मध्ये हे उद्यान खुले झाले.

उद्यानाच्या एका कोपऱ्यात भारतीय पर्यटकाची पावले थबकतात. समोर घुमटाची, आपल्याकडील छत्रीची आठवण करून देणारी एक छोटी वास्तू दिसते. आतील छतावर रंगीत तुकड्यांची नक्षी आहे. ही आहे पाणपोई. रेशमाच्या व्यापारात असलेले अनेक भारतीय त्या भूकंपात दगावले, तर बचावलेल्यांना योकोहामाकरांनी आसरा दिला. भूकंपानंतर कोबेला गेलेल्या व्यापाऱ्यांनी परत यावे, म्हणून शहराने पुढाकारही घेतला. या उपकाराची आठवण म्हणून, आणि गेलेल्या बांधवांच्या स्मृत्यर्थ, १९३० च्या दशकाच्या अखेरीस भारतीयांनी ही वास्तू शहराला दिली. आभार मानायला पाण्याचा मार्ग निवडावा, हे खास आपल्याकडचे.

उद्यानालगत ‘हिकावा मारू’ हे १९३० सालचे प्रवासी जहाज कायमचे नांगरून ठेवले आहे. सिअ‍ॅटलच्या मार्गावर धावताना त्याने १९३२ मध्ये चार्ली चॅप्लिनला नेले. युद्धात तेच इस्पितळ-जहाज बनले आणि १९६० मध्ये निवृत्त झाले.

कसलीही घाई नसलेला धक्का

किनाऱ्याने पुढे गेले, की ओसानबाशीचा धक्का येतो. परदेशी प्रवासी जहाजे येथे लागतात. त्यावरील सध्याची इमारत २००२ मध्ये पूर्ण झाली. तिच्या छपरावर लाकडी फळ्यांचे उंचसखल पठारच आहे. त्यावर जायला तिकीट लागत नाही. जहाज गाठायचे नसतानाही माणसे येथे येतात, पहुडतात, सूर्यास्त पाहतात. येथून शहराकडे वळून पाहिले, तर खलाशांनी राजा, राणी आणि गुलाम अशी पत्त्यांची नावे दिलेले तीन जुने मनोरे दिसतात. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री बंदरातील जहाजे एकत्र भोंगे वाजवून नव्या वर्षाचे स्वागत करतात.

पुढची लाल विटांची दोन गोदामे अनुक्रमे १९११ आणि १९१३ मधली. त्यापैकी एकाचा अर्धा भाग भूकंपात कोसळला आणि उरलेल्या अर्ध्यानिशी ते उभे राहिले. मे १९४५ मधील बॉम्बहल्ल्यात योकोहामाचा मोठा भाग पुन्हा बेचिराख झाला आणि युद्धानंतर बंदराचा बराचसा परिसर अमेरिकी लष्कराने ताब्यात घेतला. वापराबाहेर गेलेली ही गोदामे पाडली गेली नाहीत. २००२ पासून तेथे दुकाने, उपाहारगृहे आणि कार्यक्रमांची लगबग असते.

त्यापलीकडचा ‘मिनातो मिराई’ म्हणजे ‘भविष्यातले बंदर’. १९८० च्या दशकापर्यंत येथे जहाजबांधणीचा मोठा कारखाना आणि रेल्वेचे मालधक्के होते. कारखाना हलवून, त्याची जमीन व नवा भराव मिळून १८६ हेक्टरांवर ही वसाहत वसवली गेली. १९९३ मध्ये उभा राहिलेला २९६ मीटर उंचीचा लँडमार्क टॉवर २०१४ पर्यंत जपानमधील सर्वांत उंच इमारत होता. पण खरे पाहण्यासारखे आहे ते त्याच्या पायथ्याशी. जुन्या कारखान्याची एक दगडी सुकी गोदी तेथे मोकळ्या चौकाच्या रूपात जपली आहे. दुसऱ्या गोदीत ‘निप्पॉन मारू’ हे शिडाचे जहाज उभे आहे.

थोडे व्यवहाराचे

चायनाटाऊन भुकेच्या वेळेसाठी राखून ठेवावे. बंदर खुले झाल्यावर आलेल्या चिनी दुभाषांनी आणि व्यापाऱ्यांनी वसवलेली ही वस्ती जपानमधील अशा वस्त्यांत सर्वांत मोठी आहे. शाकाहारी माणसाने मात्र सावध राहावे. भाजीच्या पदार्थातही माशाचा वा मांसाचा रस्सा असू शकतो; त्यामुळे ‘मांस नको’ एवढे म्हणणे पुरत नाही. काय चालत नाही, हे जपानी भाषेत लिहून जवळ ठेवलेले बरे. पाऊस साधारण जून-जुलैत, तर वादळे प्रामुख्याने ऑगस्ट-सप्टेंबरात येतात. चेरीचा बहर मार्चअखेरीस सुरू होतो.

आणखी अर्धा दिवस हाती असेल, तर बसने सांकेईएन या बागेत जावे. हारा तोमितारो या रेशमाच्या व्यापाऱ्याने १९०६ मध्ये आपल्या बागेचा एक भाग लोकांना खुला केला. रवींद्रनाथ टागोर १९१६ मध्ये येथे राहिले होते. भूकंपानंतर शहराच्या उभारणीत याच हारांनी पुढाकार घेतला. बागेच्या टेकडीवर क्योतोजवळून आणलेला, पंधराव्या शतकातला तीनमजली पॅगोडा आहे.

मुंबईकराला तर हे शहर परके वाटू नये. जपानच्या निप्पॉन युसेन कंपनीची पहिली दूरच्या पल्ल्याची नियमित जहाजसेवा १८९३ मध्ये मुंबईसाठीच, कापसाच्या व्यापाराकरिता, सुरू झाली. त्याच वर्षी मुंबईहून जहाजाने निघालेले स्वामी विवेकानंद योकोहामावरूनच अमेरिकेला रवाना झाले. १९६५ पासून मुंबई आणि योकोहामा ही भगिनीशहरे आहेत.

या नात्याला आज एक प्रश्न चिकटलेला आहे. माझगावपासून शिवडीपर्यंतच्या मुंबईच्या गोदी पट्ट्याचे काय करायचे, याची चर्चा अनेक वर्षे चालू आहे. तेथील समुद्राचा बहुतांश काठ आजही सामान्य नागरिकाला दुरूनच पाहावा लागतो. योकोहामानेही जुन्या गोदीवर मनोरे बांधले. मात्र गोदीचे दगड राखले, गोदामे वापरात आणली आणि काठावरून चालण्याचा हक्क सर्वांना दिला. पाणपोईपासून गोदीपर्यंतची ही वाट रमतगमत दोन तासांत संपते. धाकट्या बहिणीच्या घरून काय शिकून यायचे, हे ठरवायला तेवढा वेळ पुरेसा आहे.