साडीची घडी आणि सीमारेषा

राजकारणाने घरं दुभंगतात तेव्हा नेमकं काय तुटतं? नलिनी मलानी, झरीना आणि लिम मिनुक या तीन कलाकारांनी वेगवेगळ्या माध्यमांतून घेतलेला हा शोध.

मोठी साडी घडी करायला दोघी लागतात. एकीने दोन टोकं धरायची, दुसरीने दोन. कापड ताणून, झटकून सरळ करायचं, मग चालत एकमेकींजवळ यायचं आणि एकीने आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची. नलिनी मलानी यांच्या ‘रिमेम्बरिंग टोबा टेक सिंग’ या व्हिडिओ मांडणशिल्पात समोरासमोरच्या भिंतींवर दोन स्त्रिया दिसतात. एक भारतातली, एक पाकिस्तानातली. दोघी मिळून साडीची घडी घालू पाहतात. पण मधे अख्खी खोली आहे आणि त्या खोलीत आपण उभे आहोत. घडी काही जमत नाही.

मलानी यांचा जन्म 1946 मध्ये कराचीत झाला. फाळणीनंतर कुटुंब आधी कोलकात्याला आणि पुढे मुंबईला आलं. त्यांचं कलाशिक्षण जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये झालं. मे 1998 मध्ये भारताने पोखरणला आणि पाठोपाठ पाकिस्तानने अणुचाचण्या केल्या. दोन्हीकडे जल्लोष झाला, मिठाई वाटली गेली. त्या अस्वस्थतेतून हे काम उभं राहिलं. नाव घेतलं सआदत हसन मंटो यांच्या कथेवरून. फाळणीनंतर वेड्यांच्या इस्पितळातल्या रुग्णांचीही दोन देशांत अदलाबदल होते आणि आपलं गाव टोबा टेक सिंग नेमकं कुठल्या देशात गेलं हे त्यांतल्या बिशनसिंगला कोणीच धड सांगत नाही, अशी ती कथा.

खोलीत जमिनीवर पत्र्याच्या 12 ट्रंका, त्यांत अंथरूण-पांघरूण आणि प्रत्येकीत एक टीव्हीचा पडदा. निर्वासितांनी घर सोडताना जे हाती लागलं ते अशाच ट्रंकांत कोंबलं होतं. भिंतींवर हिरोशिमा-नागासाकीच्या स्फोटांची दृश्यं. 1999 मध्ये हे काम मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मांडलं गेलं. चौकटीतल्या चित्रासमोर प्रेक्षक एका बाजूला उभा असतो. इथे त्याला बाजूच उरत नाही. एकीकडे तोंड केलं की दुसरीकडे पाठ होते. घरातल्या दोन माणसांचं पटेनासं झालं की मधल्याची जी अवस्था होते, तीच ही.

रेषा ठेवायची तर सगळं खोदावं लागतं

झरीना यांची वाट अगदी उलटी, जवळपास निःशब्द. 1937 मध्ये अलीगढला जन्म, वडील तिथल्या विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक, स्वतःचं शिक्षण गणिताचं. फाळणी झाली तरी कुटुंब अलीगढलाच राहिलं. आईवडील कराचीला गेले ते 1959 मध्ये. रॅडक्लिफ यांनी पाच आठवड्यांत आखलेली सीमा या घराच्या उंबऱ्यापर्यंत पोचायला 12 वर्षं लागली. पुढे झरीना न्यूयॉर्कला स्थिरावल्या, बहीण राणी पाकिस्तानात.

2001 च्या ‘डिव्हायडिंग लाइन’ या वुडकटमध्ये कागदावर एक काळी, वळणावळणाची रेषा आहे. गावांची नावं नाहीत, नद्या नाहीत. पण हा छाप घेण्याची रीत समजली की चित्र बदलतं. लाकडी ठोकळ्याचा जो भाग कोरून काढावा तो कागदावर कोरा राहतो. न कोरलेल्या उंचवट्याला शाई लागते. म्हणजे ही रेषा उमटावी म्हणून तिच्या दोन्ही बाजूंची सगळी भूमी खरवडून काढावी लागली. फाळणीबद्दल याहून नेमकं विधान मी चित्रकलेत पाहिलेलं नाही.

2004 च्या ‘लेटर्स फ्रॉम होम’ या आठ छापांच्या मालिकेत राणीने उर्दूत लिहिलेली पत्रं आहेत. आईवडील गेल्याचं, घर विकल्याचं त्यांत लिहिलं होतं. पण ती पोस्टात कधी पडलीच नाहीत, बहिणीच्या हाती आली ती फार उशिरा. झरीना यांनी त्या हस्ताक्षराचे छाप घेतले आणि काहींवर घराचे, शहराचे नकाशे काळ्या शाईत उमटवले. अक्षरं नकाशाखाली जातात, वाचता वाचता तुटतात. झरीना 2020 मध्ये लंडनला वारल्या.

हे दुखणं आपल्याच उपखंडाचं नाही. दक्षिण कोरियात केबीएस वाहिनीने 1983 मध्ये कोरियन युद्धात ताटातूट झालेल्यांना शोधणारा कार्यक्रम सुरू केला. तो 138 दिवस चालला आणि दहा हजारांहून अधिक कुटुंबं पुन्हा भेटली. माणसं नाव, गाव, लहानपणच्या खुणा लिहिलेले फलक छातीशी धरून कॅमेऱ्यासमोर उभी राहत. लिम मिनुक यांनी त्याच चित्रणातून 2015 मध्ये ‘द प्रॉमिस ऑफ इफ’ हे व्हिडिओकाम केलं.

या तिघींनीही चूक कोणाची, हा प्रश्न बाजूला ठेवला. त्याला उत्तर नाही म्हणून ठेवला असं मला वाटत नाही. त्या वादात घर हा विषयच हरवतो, हे त्यांनी ओळखलं. आज निवडणुका आल्या की कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर भाऊ भावाशी बोलेनासा होतो, काका ग्रुप सोडतात, गणपतीला यायचंही टाळतात. कोण बरोबर, यावर महिनोन्‌महिने भांडण चालतं. आपण एकत्र काय करत होतो आणि आता काय करता येत नाही, याची नोंद कोणी ठेवत नाही. ही कला ती नोंद ठेवते.

महाराष्ट्रात तर या नोंदीची फार निकड आहे. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित येऊन राहिले आणि त्या वस्तीचं 1949 मध्ये उल्हासनगर झालं. तेव्हाची कळती मुलं आज नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्या माळ्यावरच्या ट्रंका, पत्रं, घराचे आठवणीतले नकाशे आपल्या संग्रहालयांनी आणि कलाशाळांनी त्यांच्याकडून समजून घ्यायला हवेत, आणि विद्यार्थ्यांना ते घेऊन काम करू द्यायला हवं. ही माणसं बोलू शकतात तोवरच हे होणार आहे.