रॅकेटही हवी, पदवीही हवी

‘खेळाच्या नादी लागलास, अभ्यास बुडालाच म्हणून समज!’ हे वाक्य ज्या घरात कधीच ऐकू आले नाही, असे घर आपल्याकडे विरळाच. दहावीचे वर्ष आले, की रॅकेट माळ्यावर जाते. नेमक्या याच वळणावर काही मुलांना अमेरिकेतील विद्यापीठे खुणावू लागतात. तिथे चांगला खेळ असेल तर शिष्यवृत्ती मिळू शकते आणि पदवीही हाती येते. पुण्याचा अर्जुन काढे याच वाटेने ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात गेला.

या वाटेवरचे ठळक नाव सोमदेव देववर्मनचे. गुवाहाटीत जन्मलेला आणि चेन्नईत टेनिस शिकलेला सोमदेव व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळत असे. २००६ मध्ये आंतरविद्यापीठ एकेरीच्या अंतिम सामन्यात तो हरला. २००७ मध्ये मात्र त्याने उंचापुऱ्या जॉन इस्नरला नमवून विजेतेपद पटकावले आणि २००८ मध्ये ते राखले. त्या शेवटच्या वर्षी ४५ पैकी ४४ एकेरी सामने त्याने जिंकले आणि समाजशास्त्राची पदवीही घेतली! पुढे २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल आणि ग्वांगझूच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत एकेरीचे सुवर्णपदक त्याच्याच गळ्यात पडले.

हे ऐकायला छान वाटते. पण रोजचे गणित अवघड असते. हंगामात सरावाला आठवड्यात २० तासांची मर्यादा आहे. मात्र सामन्याचा दिवस कितीही लांबला तरी तो तीनच तासांचा धरतात आणि प्रवास तर हिशेबातच नसतो. साहजिकच पुस्तके बसमध्ये उघडावी लागतात.

परदेशी विद्यार्थ्याला आणखी एक पेच असतो. संघात राहायचे तर प्रत्येक सत्रात किमान १२ क्रेडिटचे विषय घ्यावे लागतात. पदवीच्या विद्यार्थ्याच्या व्हिसाचीही तीच अट. जड गेलेला एखादा विषय परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाला न विचारता मध्येच सोडला आणि आकडा १२ च्या खाली आला, तर स्थानिक खेळाडूचा फक्त खेळ थांबतो. आपल्या मुलाचा मात्र देशातला मुक्कामच धोक्यात येतो. जाहिरातींचेही तसेच. २०२१ पासून तिथले कॉलेज खेळाडू जाहिरातींतून पैसे मिळवू शकतात, पण विद्यार्थी व्हिसावर असलेल्याने असे काम केले तर व्हिसाची अट मोडण्याची भीती असते.

पूर्ण शिष्यवृत्ती सगळ्यांनाच मिळते, हाही गैरसमजच. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांसारखी विद्यापीठे खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. तिथे मदत मिळते ती घरची आर्थिक स्थिती पाहून.

आणि प्रवेशाच्या वेळी केवळ बारावीचे गुण पाहिले जातात, असे समजू नका. पहिल्या श्रेणीच्या संघांसाठी नववी ते बारावी या चारही वर्षांतले १६ मुख्य विषय तपासले जातात. तेव्हा नववीची गुणपत्रिका कपाटात नीट जपून ठेवलेली बरी.